मिटवण्याआधी मोजा

प्रयोगशाळेतल्या तपासणी यंत्राला जोडलेला पंचवीस वर्षांपूर्वीचा संगणक आजही काही ठिकाणी इमाने इतबारे काम करताना दिसतो. यंत्र ठणठणीत असते, पण त्याचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही. म्हणून जुन्याची सोबत सुटत नाही. मग एके दिवशी ‘डिस्क भरली’ अशी सूचना पडद्यावर येते आणि पहिला उपाय सुचतो तो हाच, की जुने रिपोर्ट मिटवून टाका.

हा उपाय घाईचा आहे. एखाद्या रुग्णाचे क्रिएटिनिन आज १.८ आले, तर ते तीन वर्षांपूर्वी १.० होते की तेव्हाही १.८च होते, यावर उपचाराची दिशा ठरते. पहिल्या बाबतीत मूत्रपिंड ढासळते आहे, दुसऱ्या बाबतीत ते स्थिर आहे. जुना रिपोर्ट गेला की हा फरक कळण्याचा मार्गही गेला.

शिवाय, डिस्क खरोखर कशाने भरली हे बहुधा कोणी पाहिलेलेच नसते. समजा, एक किलोबाइटचा एक असे दहा हजार रिपोर्ट आहेत. बेरीज होते जेमतेम १० मेगाबाइट. पण २ गिगाबाइटच्या जुन्या डिस्कवर हेच रिपोर्ट ३१२ मेगाबाइट जागा अडवून बसलेले असू शकतात.

याचे कारण रुग्णालयाच्या वॉर्डात सापडते. खाटेवर तीन वर्षांचे मूल असो वा सहा फुटी पैलवान, खाट एकच लागते. डिस्कवरच्या या खाटेला ‘क्लस्टर’ म्हणतात. डॉस आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ मधील ‘फॅट १६’ या पद्धतीत क्लस्टरला १६ बिटांचा क्रमांक मिळे. त्यामुळे एका विभागात सुमारे ६५ हजारच क्लस्टर मावत. डिस्क मोठी झाली तरी खाटांची संख्या वाढवता येत नव्हती, म्हणून खाटच मोठी करावी लागली. २ गिगाबाइटच्या विभागात ती ३२ किलोबाइटची झाली. एक किलोबाइटच्या रिपोर्टमागे ३१ किलोबाइट वाया! सरकारी रुग्णालयात गर्दी झाली की एका खाटेवर दोघांना झोपवतात. क्लस्टरमध्ये मात्र दोन फायलींना कधीच एकत्र ठेवता येत नाही.

म्हणून फाइलचा आकार आणि तिने व्यापलेली जागा या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. डॉसची नेहमीची ‘डीआयआर’ आज्ञा फक्त आकार सांगते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तिच्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘व्ही’ हे अक्षर जोडले, की व्यापलेली जागाही दिसते. विंडोज एक्सपीमध्ये फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘साइझ’च्या खालीच ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा असतो. युनिक्सवर हे काम ‘डीयू’ ही आज्ञा करते. साधनच नसेल, तर फायली मोजाव्यात. मोठ्या फायली असतील तर प्रत्येकीमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो. त्या अगदी छोट्या असतील तर जवळपास पूर्ण.

निदान झाले की उपचार सोपा आहे. सीडीवर किमान जागा २ किलोबाइटची असते. तेच दहा हजार रिपोर्ट तिथे साधारण २० मेगाबाइटमध्ये बसतात आणि सीडीची क्षमता ६५० मेगाबाइट असते. किंवा वर्षभराचे रिपोर्ट एकाच झिप फाइलमध्ये बांधावेत; मग वाया जाईल तो फार तर एक क्लस्टर. १९९६ मध्ये आलेल्या ‘फॅट ३२’मध्ये ८ गिगाबाइटपर्यंतच्या विभागाला ४ किलोबाइटचे क्लस्टर चालतात. पण यंत्राला जोडलेल्या संगणकाची डिस्क बदलण्याचे धाडस प्रत काढून, ती उघडते का हे तपासल्याशिवाय करू नये.

रिपोर्ट किती वर्षे ठेवायचे, हा वैद्यकीय निर्णय आहे. तो डिस्कच्या धास्तीने, न मोजलेल्या आकड्यावर घेतला जाऊ नये. ताप मोजल्याशिवाय कोणी औषध लिहीत नाही. रुग्णाचा इतिहास पुसण्याआधी निदान तेवढी काळजी घ्यायलाच हवी.