चित्रपट महोत्सव की छायाप्रतींचे प्रदर्शन?

जुन्या ग्रंथाची सुबक आवृत्ती छापून झाली म्हणजे मूळ हस्तलिखित बंबात घालावे, असे म्हणणारा मनुष्य निदान आमच्या खानदेशात तरी आढळणार नाही. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1926 साली देह ठेवला, आणि ज्या धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमविलेली रामदासी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहेत, त्या धुळ्याच्या शेजाऱ्यांस पोथी आणि तिची नक्कल यांतील भेद शिकविण्याचे कारण नाही. परंतु चित्रपटाचा प्रश्न निघाला की हाच भेद सुशिक्षितांच्या ध्यानातून जातो. आणि नवल हे की, ज्या चित्रपट महोत्सवांनी तो जपावयाचा, तेच तो विसरण्यात पुढाकार घेतात.

सेल्युलॉइडची फीत ही चित्रपटाची पोथी होय. 35 मिलिमीटर फितीच्या एका फुटात 16 चित्रे मावतात, 16 मिलिमीटरच्या फितीत 40. बोलपटात सेकंदास 24 चित्रे पडद्यावर पडतात. मूकपटांची चाल साधारणतः 16 ते 18 चित्रांची. ही मापे म्हणजे चित्रपटाचे वृत्तच. फाळक्यांचा 'कालियामर्दन' (1919) बोलपटाच्या चालीने पळविला, तर मंदाकिनीचा बाळकृष्ण किल्ली दिलेल्या बाहुलीसारखा उड्या मारू लागतो, आणि प्रेक्षक नको तेथे हसतात. दोष मात्र फाळक्यांच्या माथी बसतो!

आम्ही हे गतकाळाच्या मोहाने लिहीत नाही. दीपनगरासारख्या विद्युत्केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्यांस रिळांच्या राज्यातील दुःखे पुरती ठाऊक आहेत. मोठ्या शहरांत फिरून झिजलेली प्रत आमच्या वाट्यास येई. पडद्यावर रेघांचा पाऊस पडे आणि गाणे मध्येच तुटे. संगणकीय प्रत आली, आणि मुंबईच्याच शुक्रवारी नवा चित्रपट आम्हांसही दिसू लागला. रोजच्या धंद्यास ती सोयीची आहे, याविषयी आमचा वाद नाही. महोत्सव मात्र रोजचा धंदा नव्हे.

2004 पासून गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात अलीकडे पुनरुज्जीवित भारतीय चित्रपटांचा विभागही असतो. उपक्रम स्तुत्य आहे. पण असल्या विभागांतून मूळ फितीचे दर्शन सहसा घडत नाही, घडते ते धुऊनपुसून काढलेल्या संगणकीय प्रतीचे. उलट इटलीतील बोलोन्याचा महोत्सव आजही फीत चालवितो. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे तर 2015 पासून ज्वालाग्राही नायट्रेट फितींचाच महोत्सव भरविला जातो. 2018 साली क्रिस्टोफर नोलन मुंबईस येऊन फितीची महती सांगून गेले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या. टाळ्यांनी प्रक्षेपक फिरत नाही.

कोणी म्हणेल, कथा तीच, नट तेच. मग फितीचा हट्ट कशासाठी? 'राजा हरिश्चंद्र' (1913) याच्या 4 रिळांपैकी पहिले व शेवटचे तेवढे उरले, आणि तीही 1917 सालच्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. असल्या वादात फितीच्या कडेवरील खुणा व तिची छिद्रे साक्ष देतात. स्वच्छ केलेली प्रत मुकी असते. 'आलम आरा' (1931) याची तर साक्ष देण्यास फीतच उरली नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांस आग लागली, तेव्हा किती साक्षी कायमच्या गेल्या असतील!

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दाखविल्याने फीत झिजते. खरे आहे, म्हणून एकुलती एक प्रत कोणी दाखवू नये. जपलेल्या निगेटिव्हवरून नवी प्रत काढावी आणि ती चालवावी. थंड व कोरड्या जागी ठेवलेली फीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते; संगणकीय प्रतीस मात्र दर थोड्या वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावे लागते. देशातील बहुतेक फिल्म प्रयोगशाळा आज बंद पडल्या आहेत. त्यांस काम मिळाले नाही आणि ऑपरेटरांच्या हातास सवय राहिली नाही, तर उद्या पैसा असूनही फीत वाचणारा मिळणार नाही. मोडी वाचणाऱ्यांच्या तुटवड्याने आपली दप्तरे कशी मुकी झाली, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक महोत्सवाने वर्षास निदान एक जुना मराठी चित्रपट त्याच्या मूळ मापाच्या फितीवरून, मूळ गतीने दाखवावा. इतर जुने चित्रपट कशावरून उतरविले हे पत्रिकेत स्पष्ट छापावे. आणि दिग्दर्शकाच्या नावाखाली फीत चालविणाऱ्या ऑपरेटरचेही नाव घालावे. एवढेही जमत नसेल, तर खुशाल नकला दाखवाव्यात. मात्र त्यांस वारशाचा महोत्सव म्हणू नये.