कळ आणि अधिकार

काही वर्षांपूर्वी मी बंगळूरमधील एका कार्यालयात असताना, एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची नस्ती माझ्यापुढे आली. ती नाकारलेली नव्हती, मंजूरही झालेली नव्हती; संगणकावर सात महिने ‘स्थगित’ पडून होती. बाई दर महिन्याला येत आणि ‘विचाराधीन आहे’ एवढे उत्तर घेऊन परत जात. संबंधित लिपिकाला विचारले, तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, “सर, तशी कळ आहे.”

कागदी नस्ती दडपणाऱ्याला निदान ती कपाटात लपवावी लागे. आता दडपण्याला अधिकृत कळ मिळाली आहे!

कोणत्या प्रकारच्या कामावर कोणती क्रिया करता येईल, हे ठरवणारा तक्ता प्रत्येक कार्यप्रणालीत असतो. टपाल पुढे पाठवता येते, मसुदा दुरुस्त करता येतो, नस्ती थांबवता किंवा बंद करता येते. हा तांत्रिक तपशील समजून आपण तो संगणक विभागावर सोपवतो. वास्तविक ते अधिकारांचे प्रदान आहे. सरकारी पैसा खर्चण्याचा अधिकार कोणाला किती, हे वित्तीय अधिकार प्रदान नियमांत छापलेले असते. नागरिकाचा अर्ज अनिश्चित काळ थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे कोठे छापलेले असते?

बंधने वाईट, असे मी म्हणत नाही. ई-ऑफिसमध्ये पिवळी टिपणी बदलता येते, हिरवी मात्र नस्ती पुढे गेल्यावर बदलता येत नाही. हे योग्यच आहे. कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीच्या फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने हाताळण्याची सक्ती संगणकाने केली. आपल्याकडच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्यांना तिचे मोल सांगावे लागणार नाही. परंतु तेथे बंधन अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. आमच्या ‘स्थगित’ कळीवर कोणतेच बंधन नव्हते. ना कारण लिहिण्याचे, ना मुदतीचे. नकार दिला असता तर बाईंना अपील तरी करता आले असते. स्थगितीविरुद्ध अपील कोठे करायचे?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार निर्णयप्रक्रियेची कार्यपद्धती, पर्यवेक्षण व उत्तरदायित्वाच्या साखळीसह, स्वतःहून प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास बंधनकारक आहे. ही कार्यपद्धती आज संगणकात राहत असेल, तर तिचा तक्ताही प्रसिद्ध झाला पाहिजे. सुरक्षिततेचा आक्षेप मला ठाऊक आहे. पण कोण काय थांबवू शकतो हे सांगणे म्हणजे परवलीचा शब्द सांगणे नव्हे. आणि थांबवण्याच्या प्रत्येक कळीला सकारण शेरा व अंतिम तारीख जोडणे हे काम संगणकाला मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते आम्हा अधिकाऱ्यांना.

त्या बाईंची नस्ती पुढे अकरा दिवसांत निकाली निघाली. नियम तेच होते, कागदही तेच होते.