हिशेबाची वही : जुनी येझदी, हौस की व्यवहार?



गेल्या आठवड्यात आलेल्या पत्रांत एक पत्र असं होतं, की समोरचा चहा निवला तरी मी ते दुसऱ्यांदा वाचत बसले. चिंचवडच्या एक भगिनी लिहितात :

‘यांना कारखान्यातून निवृत्त होऊन आठ महिने झाले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरी. बोलणंही कमी झालंय. परवा मात्र एकदम खुशीत घरी आले. पेठेतल्या एका वाड्यात बारा वर्षं धूळ खात पडलेली येझदी मोटारसायकल पाहून आले होते. मालक पस्तीस हजार मागतो. दुरुस्तीला पंधरा हजार पुरतील असं फिटर म्हणतो. पैसे ठेवीतून काढू म्हणतात. ती ठेव मी लेकीच्या बाळंतपणासाठी राखली आहे. नाही म्हटलं तर हे पुन्हा गॅलरीत जाऊन बसतील, हो म्हटलं तर पैसा जाईल. काय करू?’

ताई, तुमचं पत्र वाचून मी आमची १९८३ सालची हिशेबाची वही काढली. त्या वेळी चेतक स्कूटर आपल्या आकुर्डीला तयार होत होती, पण पुणेकरांनाही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आमच्या ह्यांना तेवढा धीर नव्हता. साडेतीन हजारांना जुनी स्कूटर आणली. गॅरेजवाला म्हणाला, ‘वहिनी, सातशेत नवीकोरी करून देतो.’ वहीत वर्षाअखेरची बेरीज आहे एक हजार नऊशे चाळीस! सातशेचे पावणेतीनपट झाले. त्यातले सहाशे तर मला दिवाळीनंतर कळले, कारण गॅरेजच्या चिठ्ठ्या ह्यांच्या कपाटात सापडल्या. आमचं भांडण स्कूटरवरून झालं नाही, त्या लपवलेल्या चिठ्ठ्यांवरून झालं. स्कूटर मात्र पुढे अकरा वर्षं चालली. तेव्हा जुनी गाडी म्हटली की मी नाक मुरडत नाही. पण बेरीज आधी करते.

गरज की हौस?

हे आधी ठरवा. रोज बाजारहाट, बँक, दवाखाना यांसाठी गाडी हवी असेल, तर येझदी घेऊच नका. ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात होत असे आणि तो कारखाना १९९६ साली बंद पडला. येझदी हे नाव २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आलं, पण त्या नव्या गाडीचं इंजिनच वेगळं. तिचे भाग जुनीला बसत नाहीत. जुनी गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचं आणि मागच्याने धूर सोसायचा. लिटरला पंचवीस-तीस किलोमीटर गेली तरी खूप. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंग त्याने लवकर खराब होऊ शकतात.

पण हौस असेल तर गोष्ट वेगळी. ज्या दांड्याने किक मारायची तोच फिरवून गिअरचा दांडा करायचा, ही येझदीची गंमत तुमच्या यजमानांनी तरुणपणी कुणाच्या तरी गाडीवर पाहिली असणार. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी म्हणते, मोल असतं, फक्त ते आधी ठरवून घ्यावं.

कागद आधी, गाडी नंतर

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, कागद बिघडलेले असले तर माणूस आर.टी.ओ.च्या पायऱ्या झिजवतो. म्हणून टाकीवरून हात फिरवण्याआधी हे बघा :

नोंदणी पुस्तक किंवा आर.सी. कुणाच्या नावावर आहे? विकणारा तोच आहे का? वाड्यातल्या गाडीचे मूळ मालक पुष्कळदा वारलेले असतात. मग आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. त्याचा अर्ज म्हणजे नमुना ३१. साध्या विक्रीला नमुना २९ आणि ३० लागतात. गाडी पुण्याबाहेरच्या कार्यालयात नोंदलेली असेल, तर तिथलं ना-हरकत पत्र हवं.

इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहा. नंबर खरवडलेला, पुन्हा ठोकलेला वाटला, तर नमस्कार करून घरी या.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. बारा वर्षं बंद असलेल्या गाडीची मुदत बहुधा टळलेलीच असणार. मग गाडीची तपासणी, फी, उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पी.यू.सी. आणि २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरपाटी, हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या माथी. फीचे आकडे वाढत असतात, म्हणून एजंटाला न विचारता कार्यालयात स्वतः विचारा. नोंदणी रद्दच झालेली असेल, तर ती गाडी नाही, भंगार आहे. भंगाराच्या भावानेही घरात आणू नका.

आणि ‘नावावर नंतर करू’ याला कधीही हो म्हणू नका. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचं नाव त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे विकणाऱ्यालाही सांगा, तोच घाईने कागद करून देईल.

फिटरचा पंधरा हजार

फिटर खोटं बोलतो असं नाही. तो फक्त दिसतं तेवढंच मोजतो. बारा वर्षं उभ्या गाडीचे दोन्ही टायर-ट्यूब, बॅटरी, वायरिंग, सगळ्या केबली बदलाव्या लागणार हे धरूनच चाला. टाकी आतून गंजलेली असते. कार्बोरेटर चिकटलेला असतो. इंजिन उघडलं की पिस्टन-रिंग, बोअर, क्रँकचं बेअरिंग अशी एकेक बाब पुढे येते, शिवण उसवायला घेतलेल्या जुन्या गादीसारखी! आणि निकेल, रंग, सीट हे तर शेवटी, जेव्हा पाकीट रिकामं असतं.

म्हणून फिटरला सांगा, ‘अंदाज तोंडी नको, बाबवार लिहून द्या.’ त्या यादीतल्या भागांचे भाव नाना पेठेत दोन-तीन दुकानांत स्वतः विचारून यावं. जुने भाग लागले तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. मग जी बेरीज येईल ती दुप्पट धरा. तुमच्या बाबतीत पस्तीस हजारांची गाडी आणि तीस हजारांची दुरुस्ती, म्हणजे पासष्ट हजार. कागदांचा खर्च निराळा. विकताना एवढे परत येतील या आशेवर राहू नका. दुरुस्तीत घातलेला पैसा क्वचितच पुरता परत येतो.

मग हो की नाही?

ताई, माझं मत स्पष्ट सांगते. लेकीच्या बाळंतपणाच्या ठेवीतून ही गाडी घेऊ नका. ते पैसे दिवस ठरलेल्या कामाचे आहेत. गाडी बारा वर्षं थांबली, आणखी थांबेल. बाळ थांबणार नाही.

पण यजमानांना नुसतं ‘नाही’ म्हणू नका. तीस-पस्तीस वर्षं यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे हात आठ महिने रिकामे आहेत. त्यांना मोटारसायकल हवी आहे की काम हवं आहे, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसेल. त्यांना म्हणा, ‘तीन महिने पैसा द्यायचा नाही, पण कागद तपासायला, याद्या करायला, भाव काढायला तुम्हीच जा.’ त्यातच गॅलरी सुटेल. या तीन महिन्यांत सोसायटीच्या जिन्याखाली बंद पडलेली कुणाची स्कूटर, कुणाची लुना मालकाच्या परवानगीने चालू करून बघू दे. भागांचा खर्च मालकाचा, मेहनत यांची. हात बसतो का, कंबर साथ देते का, तेही कळेल.

तीन महिन्यांनी कागद स्वच्छ निघाले, मालक भावात उतरला आणि बाळंतपण सुखरूप पार पडून काही शिल्लक राहिली, तर आनंदाने घ्या. मात्र एक वही गाडीच्या नावाने करा. दर महिन्याची रक्कम दोघांनी मिळून ठरवा, ती संपली की काम पुढच्या महिन्यावर. प्रत्येक चिठ्ठी त्याच वहीत चिकटवायची आणि वही स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायची, कपाटात नाही.

आणि हो, गाडी चालू झाली की पहिल्या फेरीला मागच्या सीटवर तुम्ही बसा. दोघांनीही हेल्मेट घाला, बरं का!

पुढच्या आठवड्यात : माहेरची पितळी भांडी वापरावीत, कल्हई करावी, की मोडीत द्यावीत?