वारली चित्र ‘प्राचीन’ की ‘आधुनिक’? चीनमधून दिसणारे एक उत्तर

खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ आठवतो: सवाई माधवराव, नाना फडणवीस, किल्ल्याच्या आश्रयास गेलेला निजाम. ज्या शिवारांतून त्या फौजा गेल्या, तेथे नांगर धरणाऱ्यांचा दिवस कसा उगवे आणि मावळे, याचे चित्र मात्र डोळ्यांपुढे येत नाही. म्हणूनच कष्टकऱ्यांनी स्वतःच्या हाताने रंगविलेले रोजचे जगणे कोठे सापडले, तर इतिहासप्रेमी हरखून जातो. आणि नेमकी तेथेच त्याची फसगत होते.

चीनच्या शान्सी प्रांतातील हूशियान येथे १९५८ च्या ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’ काळात शेतकऱ्यांच्या हाती कुंचला देण्यात आला. भरघोस पिके, धरणाचे खोदकाम, सामूहिक शेती असे विषय. १९७३ मध्ये ही चित्रे बीजिंगमध्ये झळकली, पुढे युरोपातही गाजली. ‘अशिक्षित शेतकऱ्याची उत्स्फूर्त कला’ असा त्यांचा डांगोरा पिटला गेला. प्रत्यक्षात विषय ठरविण्यापासून आराखडे सुधारण्यापर्यंत व्यावसायिक चित्रकारांचा हात होता. शांघायजवळच्या जिनशानमध्ये सत्तरीच्या दशकाअखेरीस वारे पालटले. भरतकाम आणि निळ्या छापाच्या कापडाचे रंगभान घेऊन बायका स्वयंपाकघरे, लग्ने, मासळीने भरलेली तळी रंगवू लागल्या. घोषणा मागे पडल्या. १९८८ मध्ये चीनच्या संस्कृती मंत्रालयाने अशा गावांना ‘आधुनिक लोकचित्रांचे माहेर’ या अर्थाची पदवी दिली. त्यातला ‘आधुनिक’ हा शब्द फार प्रामाणिक आहे.

आपल्याकडे तो प्रामाणिकपणा दिसत नाही. वारली चित्रकलेचा परिचय ‘हजारो वर्षांची परंपरा’ या पालुपदाशिवाय सुरूच होत नाही. मुळात वारल्यांच्या घरात तांदळाच्या पिठाने लिहिला जाई तो लग्नचौक. तो लिहिण्याचा मान सुवासिनींचा; चौकात पालघट देवी, शेजारी पाचशिऱ्या देव, आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय विधी अपुरा. चौकाभोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे असत खरी, पण ती देवीच्या साक्षीने.

सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त डहाणूच्या पाड्यांवर गेले आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद पुरविणारेही हेच कुलकर्णी. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे त्या कागदावर विधीचा चौक ओलांडून गेले. माशांनी गच्च भरलेले जाळे, भाताची लावणी, मुंग्यांची रांग हेच संपूर्ण चित्र झाले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांचे प्रदर्शन भरले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज टी-शर्टवर छापली जाते ती ‘वारली’ बहुतांशी या पन्नास वर्षांतील आहे.

यात म्हसे यांचे कर्तृत्व उणे होत नाही. उलट ते प्रथमच नीट दिसते. ‘प्राचीन परंपरा’ म्हटले की चित्रकार नुसता वाहक उरतो. ‘आधुनिक’ म्हटले की तो निर्माता ठरतो. हूशियान आणि डहाणू एकाच मापाने मोजणे अर्थात अन्यायाचे होईल. तेथे सत्तेने विषय सांगितले, येथे बहुधा बाजाराने आवड सांगितली. आणि बाजाराचा हुकूम ऐकू येत नाही, एवढाच त्याचा सभ्यपणा.

मात्र या आधुनिकतेची किंमत कोणी मोजली, हे विचारलेच पाहिजे. जिनशानमध्ये सुई धरणारा हात कुंचल्यापर्यंत पोहोचला. डहाणूत चौक लिहिणारा हात सुवासिनींचा होता, आणि कागदावर सही बव्हंशी पुरुषांची आली. २०१४ मध्ये वारलीला भौगोलिक निर्देशांक मिळाला; त्याने प्रदेशाचे नाव सुरक्षित होते, चौक लिहिणारीचे नव्हे. यापुढे एखाद्या दालनात वारली चित्रासमोर उभे राहाल तेव्हा ते किती जुने हे विचारण्याआधी कागद कोणी दिला आणि घरातला चौक अजून कोण लिहिते, हे विचारून पाहा.