विमानाआधीची रात्र

“आई, साडेनऊ-दहा तासांचा तर प्रश्न आहे. बसलीस की पोचलीस!” शेजारच्या काकूंच्या लेकाने लंडनहून फोनवर सांगितलं आणि माझं डोकं तडकलं. अंबाजोगाईच्या माणसाचा प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होतो, हे कुणी ठरवलं?

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. येताना उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून तासभर कमी लागतो. हे सगळं मोबाइलवर क्षणात दिसतं. पण बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. काकूंना आधी मुंबई गाठायची, म्हणजे ट्रॅव्हल्सची एक अख्खी रात्र. शिवाय विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं.

त्यांची बॅग आम्ही भुसार दुकानातल्या काट्यावर तोलली. ज्वारीचं पीठ, येसर, शेंगदाण्याची चटणी. तेवीस किलोची मर्यादा, काटा पंचवीसवर. पीठ निम्मं काढलं. येसराच्या पुडीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. तेव्हाच हळू आवाजात विचारलं, “विमानात बाथरूम असतं ना गं?”

असतं म्हटलं. “मग त्याची काळजी नाही,” त्या म्हणाल्या. “मी त्या दिवशी दुपारपासनं पाणीच पिणार नाही. रात्री गाडी कुठं थांबंल, काय नेम?”

काकूंना मधुमेह आहे. पुण्या-मुंबईला जाताना त्या दर वेळी हेच करतात, आणि त्या एकट्या नाहीत. मुलाकडे, दवाखान्याला, बाळंतपणाला निघालेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायका असा कोरड्या घशाने प्रवास करतात. गाडी मध्यरात्री ढाब्यावर थांबते. पुरुष मोकळे होऊन चहा घेतात. बायकांना मागच्या अंगाला अंधारात बोट दाखवलं जातं. तिथं दाराला कडी नसते, बादलीत पाणी नसतं. मग एकीने बाहेर मोबाइलची बॅटरी धरून उभं राहायचं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, तशी आत गेलेली बाई अर्धवट उठून येते. मला याची चीड येते. तिकिटाचे पैसे बायकाही पूर्ण मोजतात.

१७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडला रेल्वे आली. १९९५ पासूनची वाट पाहणं होतं ते. हाच मार्ग पुढे आमच्या जवळच्या परळीपर्यंत पोचला आणि तिथून थेट मुंबईची गाडी सुटली, तर अंबाजोगाईच्या बायकांनाही रात्रीचा प्रवास सोसेल. तोवर थांबा कुठं घ्यायचा हे ट्रॅव्हल्सवाल्यांच्याच हातात आहे. दिवा, कडी, पाणी नसेल त्या ढाब्यावर गाडी लावू नका. तिकीट काढताना आपणही आधी तेच विचारू या. काकूंच्या तिकिटासाठी मी विचारलं, तेव्हा खिडकीवरचा मुलगा गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी केलाच नव्हता.