उमेदवाराला विचारायचे काय?

निवडणूक जवळ आली, की गावातली नाती एकाएकी जागी होतात. एरवी नजर चुकवून मोटारसायकल दामटणारा गृहस्थ 'काय काका, बरंय ना?' म्हणत थांबतो. काकूंच्या गुडघ्याची चौकशी करतो. धाकटा कोणत्या कंपनीत लागला, हेही त्याला आठवते. तो गेला की घरात चर्चा सुरू होते. आजोबा विचारतात, 'कुणाचा म्हणायचा हा?' वडिलांचा प्रश्न, 'कुणाच्या पॅनेलचा?' मुलगा म्हणतो, 'खर्च किती करील?' आणि पहाटे उठून नळाला पाणी यायची वाट पाहणाऱ्या सूनबाईंना काय विचारायचे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

या तीन प्रश्नांत उमेदवाराची भावकी, गट आणि खिसा, सारे आले. त्याची लायकी तेवढी राहून गेली.

मावळातले वराळे उदाहरणादाखल घेऊ. तळेगाव स्टेशनवरून चाकणच्या रस्त्याला लागले, की वराळे फाटा येतो. गाव इंद्रायणीच्या अंगाचे. आंबी, नवलाख उंबरे या बाजूला तळेगावची औद्योगिक वसाहत पसरलेली. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ या तालुक्याच्या खाचरांतून पुण्या-मुंबईच्या ताटात गेला. आता याच पट्ट्यात खाचरांच्या जागी प्लॉट पडले, खोल्या उठल्या, कॉलेजे आली, वसतिगृहे आली. अशा गावाचा कारभार म्हणजे जुन्या काळातली चावडीवरची पंचायत नव्हे. एका लहान शहराच्या साऱ्या कटकटी आहेत, आणि त्या निस्तरायला मिळणारे अधिकार खेड्याचे आहेत. मौज अशी की, गावात राहतात ते सारेच मतदार यादीत नसतात. भाड्याच्या खोलीतला कामगार कचरा इथे करतो आणि मत त्याच्या मूळ गावी देतो.

अशा ठिकाणी उभे राहणाऱ्याला कायदा काय विचारतो? वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, यादीत नाव हवे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले नसावे. घरी शौचालय असावे आणि ते वापरात असावे. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण नसावे. पंचायतीच्या कोणत्याही कामात वा ठेक्यात हितसंबंध नसावा. राखीव जागा असेल तर जातवैधता. म्हणजे पोरेबाळे, शौचालय, कुंपण, सारे कायद्याने पाहिले आहे. गावाचा जमाखर्च वाचता येतो का, एवढे पाहायचे राहून गेले.

शिक्षणाची अट तशी २०१७ मध्ये आली. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला उमेदवार सातवी उत्तीर्ण हवा. त्याआधी राजस्थानने आणि २०१५ मध्ये हरियाणाने याहून कडक अटी घातल्या. हरियाणात सर्वसाधारण पुरुष उमेदवाराला दहावीची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ती वैध ठरवली. राजस्थानने मात्र २०१९ मध्ये आपली अट काढून टाकली. मला स्वतःला ही शाळेच्या दाखल्याची कसोटी फारशी पटत नाही. ज्या बाईला लहानपणी शाळेऐवजी गुरांमागे पाठवले, तिला पुन्हा कारभारातूनही वगळायचे, हा दुहेरी अन्याय झाला. आणि पदवीधर माणूस नमुना आठचा उतारा उलटा धरून वाचतो, हेही आपण पाहतोच! कर आकारणीच्या या नोंदवहीत कोणाच्या घराची नोंद आहे, कोणाच्या तीन मजल्यांपैकी एकच लागला आहे, हे ज्याला कळते तो माझ्या हिशेबी शिकलेला. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम. कॉम. आहेत आणि १९८९ पासून त्यांनी गाव उभे केले हे खरे. पण त्यांनी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्याप्रमाणे पिके ठरवायला गावाला राजी केले, ते काही नुसत्या पदवीच्या जोरावर नव्हे.

तेव्हा लायकीचा प्रश्न शेवटी मतांशी येऊन भिडतो. उमेदवाराला गावाच्या प्रश्नांवर काय वाटते? त्याहून महत्त्वाचे, कोणता प्रश्न कोणाच्या हातात आहे, हे त्याला ठाऊक आहे का?

बांधकामांचे पाहा. मावळ २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत आला. बांधकामाची परवानगी तिथून. प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ साली जाहीर झाला, कोणाच्या शेतावर रस्ता आला, कोणाच्या वावरात आरक्षण पडले, हजारो हरकती गेल्या आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. या सगळ्या काळात इमारती उभ्या राहायच्या थांबल्या नाहीत. परवानगी प्राधिकरणाची, आणि पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती पंचायतीच्या गळ्यात. 'गावाचा कायापालट करू' म्हणणाऱ्याला एवढेच विचारावे, की बाबा, नव्या सोसायटीचे सांडपाणी कुठे सोडणार? बहुतेक वेळा उत्तर ओढ्याकडे बोट दाखवते. ओढा इंद्रायणीला मिळतो. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी लोणावळा, कामशेत, तळेगाव, देहू करीत आळंदीला पोचते, तेव्हा तिच्यावर फेस तरंगताना वारकऱ्यांनी कितीदा पाहिला आहे. तो फेस काही एका गावाचा नाही. पण एकेका गावाचा वाटा त्यात आहे, आणि तो वाटा मोजायचे काम कोणत्याच जाहीरनाम्यात नसते.

पाणी हा शब्द मावळात सहज उच्चारावा असा राहिलेला नाही. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत 'मावळचे पाणी मावळाला' हे ओघानेच आले. घोषणा योग्यच आहे. पण स्वतःच्या गावातल्या टाकीची क्षमता किती, वाढलेल्या वस्तीला दिवसाला किती लागते, पाणीपट्टीची थकबाकी किती, हे आकडे त्याच भाषणात यावेत अशी अपेक्षा फार नव्हे.

रोजगाराचेही तसेच. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले, पुढे तो ह्युंदाईने घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावला येईलसा वाटणारा वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत जाणार असे जाहीर झाले आणि पुढच्या जुलैत ती भागीदारीच मोडली. हे निर्णय दिल्ली, मुंबई आणि परदेशातल्या कचेऱ्यांत झाले. ग्रामपंचायतीचा सदस्य त्यात काय करणार? तरी 'स्थानिकांना नोकऱ्या' हे आश्वासन असतेच. आणि इथे कायद्यातली एक फट लक्षात घेतली पाहिजे. पंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध असला तर सदस्यत्व जाते. पण ज्या कारखान्याशी पंचायतीचा रोज संबंध येतो, त्याच कारखान्याचा कामगार पुरवण्याचा, कॅन्टीनचा, भंगाराचा किंवा मुरुमाचा ठेका कोणी घेतला असेल, तर ही अट त्याच्या वाटेला जात नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या उमेदवाराला विचारण्याजोगा सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे. चारचौघांत तो विचारायला धीर लागतो, कारण शेजारच्याचा पोरगाही त्याच ठेकेदाराकडे कामाला असतो.

वराळ्यापासून फार लांब नसलेल्या कुंडमळ्याची आठवण अजून ताजी आहे. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे माहीत होते, नव्या पुलाला मंजुरी होती, काम मात्र सुरू झालेले नव्हते. मंजुरी आणि काम यांच्यामध्ये जी फाईल पडून असते, तिच्यामागे दर आठवड्याला हेलपाटे घालणारा माणूस म्हणजेच लोकप्रतिनिधी, अशी माझी साधी समजूत आहे.

आणि त्या वेळी असा माणूस वरच्या पायरीवर नव्हताच. १९६१ च्या कायद्याने उभी राहिलेली जिल्हा परिषद, तिची शाळा-दवाखान्यांची, ग्रामीण रस्त्यांची जबाबदारी हा महाराष्ट्राने देशाला दाखवलेला नमुना. पण पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात राहिला आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दर पाच वर्षांनी निवडणुकीची हमी दिली आहे, हे मधल्या काळात कोणाला आठवले नाही. त्या काळात कुंडमळ्यासारख्या पुलासाठी गावकऱ्यांनी गटातल्या कोणत्या सदस्याला गाठायचे होते?

खर्चाबद्दल तर बोलायलाच नको. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या, आणि ती रक्कम मंदिरासाठी होती. देवाचे नाव घेतले, की लिलावालाही 'बिनविरोध' म्हणता येते! महिलांचे आरक्षण २०११ मध्ये निम्म्यावर गेले, तरी कित्येक ठिकाणी सहीपुरती ताई आणि खुर्चीत दादा, हा प्रकार चालूच आहे. अशा ताईंना प्रचारात एकदा दादांशिवाय घरी बोलवावे. चहा करावा आणि पाण्याच्या टाकीबद्दल विचारावे. काही ताई दादांपेक्षा नेमके बोलतात, असा अनुभव येतो.

उमेदवाराने दिलेले शपथपत्र, म्हणजे त्याची मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, मतदाराला पाहता यावे हा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केलेला हक्क आहे. गावची ग्रामसभा वर्षातून किमान चारदा भरते, आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत ग्रामसेवक, आता ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, जमाखर्च वाचतो. मागच्या दोन वर्षांच्या इतिवृत्तांत आज मते मागणाऱ्याचे नाव हजेरीत किती वेळा आहे, हे पंचायतीच्या कार्यालयात पाहायला मिळते. अर्धा तास लागतो. सूनबाईंना नळाला पाणी येण्याआधी सकाळी जेवढा वेळ थांबावे लागते, साधारण तेवढाच.