इस्राफ फक्त गाडीतच दिसतो का?

बोईसरमध्ये आपल्यातला कुणी सेकंडहँड डीसी अवंती घ्यायचं नुसतं बोलला, तरी दोन प्रश्न तयार असतात. "पैसा आला कुठून?" आणि "हा इस्राफ नाही का?"

पैसा तारापूर एमआयडीसीतून आला. फिटरची नोकरी, ओव्हरटाइम, वर्षानुवर्षांची बचत. विषय संपला.

दुसऱ्या प्रश्नाची मात्र मला चीड येते. वलीम्याला हजार माणसं, डीजे, जहेजचं सामान, आणि तेही व्याजाच्या कर्जावर! तिथे मौलानांपासून मामूंपर्यंत सगळे गप्प. रोखीने घेतलेली जुनी गाडी तेवढी गुनाह?

अवंती 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिसली. दोनच सीट, रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, तेही सीटच्या मागे. नवी तीस लाखांच्या वर होती. इंजिनापर्यंत हात पोचवायलाच कसरत, पण फिटरला त्यातच मजा!

विरोध करायचाच तर कामाचा करा. एकाच गाडीवर अनेक कर्जं काढल्याच्या आरोपावरून डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी याच अवंतीच्या प्रकरणात कारवाई केली होती. म्हणून चासी नंबर, इंजिन नंबर, आरसीवरचा कर्जाचा बोजा आधी तपास, हे त्या पोराला सांगा. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत गाडी खालून घासते का ते आधी बघ, हेही सांगा. एकही बुजुर्ग हे सांगत नाही.

आणि पुढच्या वलीम्याचं कार्ड आलं की डेकोरेशनचं बिल विचारा. मी तर विचारणार आहे.